दाताखालचा दोरा

"ठेव आता."

फळ्यांच्या पडदीपलीकडून आलेले हे दोन शब्द. मैमुना तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. पडदीच्या अलीकडे घरच्या बायका तंबोऱ्यांचे भोपळे घासायच्या, लाकडाला चकाकीसाठी चपडी लावायच्या. पलीकडे अब्बा आणि भाई. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीवर कानस चालायची, खर्र, खर्र. मग तार छेडली जायची. मग सगळं गप्प. अब्बांचा कान तारेपाशी आणि साऱ्या घराचा कान अब्बांच्या तोंडापाशी. पुन्हा खर्र. पुन्हा तार. आणि कधीतरी, फार कधीतरी, विहिरीत सोडलेली घागर पाण्याला टेकावी तसा तो आवाज यायचा.

"ठेव आता."

कानस खाली ठेव, एवढाच त्याचा अर्थ. पण मिरजेच्या त्या तंबोरे बनवणाऱ्या गल्लीत एवढ्या अर्थावर घरं चालत. घोडीवर कानशीचा एक हात जास्त पडला की आठवड्याची मेहनत वाया, कारण घासलेलं हाड परत लावता येत नाही. थांबायचं कुठं हे कळणं, हेच सगळं काम. अब्बांनी जन्मात कुणाला शाब्बास म्हटलं नाही. काम जमलं की ते 'ठेव आता' म्हणत आणि चहा मागवत. दस्तगीरच्या, म्हणजे भाईच्या वाट्याला ते शब्द पाच-सहा वेळा आले. मैमुनाच्या वाट्याला एकदाही नाही. ती पडदीच्या अलीकडची.

पण कानांना पडदी नसते. अब्बा पलीकडे नमाजाला उभे राहिले की भाईने टाकून दिलेल्या घोड्या ती कानशीखाली घ्यायची. लग्न झालं, तरन्नुम झाली, नवरा गेला, तरी माहेरी आली की घ्यायची. अम्मा भोपळे उन्हात मांडताना एक ओवी म्हणायची, ती ओठांवर घोळवत घ्यायची:

भोपळा माझा सुकला, माळ्यावरी गं ऊन खातो
बाप माझा त्याच्या कानी हळूच एक सूर देतो

अब्बांच्या शेवटच्या आजारात तिने एक घोडी पुरी केली, रुमालात बांधली आणि दस्तगीरच्या हातात दिली. "अब्बांना दाखव, भाई. माझी आहे म्हणून सांग."

संध्याकाळी तो परत आला. घोडी तशीच रुमालात बांधलेली.

"काय म्हणाले?"

"काही नाही बोलले."

आठवड्यात अब्बा गेले. त्याला एकोणीस वर्षं झाली. बहीण-भाऊ ईदेला भेटायचे, शिरखुर्मा प्यायचे, आणि वाटीतला संपला की बोलणंही संपायचं.

*

सत्तावन्नाव्या वर्षी मैमुनाचे कान गेले. एकदम नाही. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी मऊ झाली. मग माणसं तोंडात कापूस धरून बोलू लागली. पुण्याहून तरन्नुम आली आणि तिने आईच्या दोन्ही कानांत चिंचोक्याएवढी श्रवणयंत्रं बसवली. नवी जात होती. फोन नको, पडदा नको, यंत्राशीच बोलायचं आणि यंत्रातूनच ऐकायचं.

मैमुनाने तंबोरा मांडीवर घेऊन तार छेडली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"ऐकू आलं ना, अम्मी?"

"आलं. पत्र्याचा डबा वाजल्यासारखं आलं."

"मग तक्रार कर की. 'सुचवा'वर कर. कंपनीचीच जागा आहे. जगभरचे लोक तिथं यंत्र कसं सुधारायचं ते सुचवत असतात."

"माझं कोण ऐकतंय?"

"बोलून तर बघ."

मैमुना बोलली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना कानात एक पुरुषाचा आवाज आला, वयस्क, जरा घोगरा. "आपण पत्र्यासारखा आवाज म्हणालात. पत्र्यासारखा म्हणजे कसा? जरा उलगडून सांगाल?"

सत्तावन्न वर्षांत तिला कुणी काही उलगडून सांग म्हटलं नव्हतं. भाकरी करपली.

तिने सांगितलं. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकत नाही. घोडीच्या माथ्याला, डोळ्यालाही दिसू नये इतका बारीक उतार असतो. तार थरथरते तेव्हा त्या उतारावर ती पुन्हा पुन्हा टेकते, आणि प्रत्येक टेकण्यात एकेक नवा वरचा सूर जागा होतो. म्हणून तंबोऱ्याचा आवाज एकदम अंगावर येत नाही, उमलत येतो. त्या उमलण्याला जवारी म्हणतात. तुमचं यंत्र आवाज नुसता मोठा करून कानात ढकलतं. त्याला उतार द्या. म्हाताऱ्या कानाला मोठं नको असतं, सावकाश हवं असतं.

अभियंत्यांनी करून पाहिलं. 'च' आणि 'ज', 'त' आणि 'थ' असली झटक्यात येऊन जाणारी अक्षरं सेकंदाच्या काही हजाराव्या भागाने लांबवली, एकावर एक न आपटता एकामागून एक येऊ दिली. तीन महिन्यांत ही सुधारणा सगळ्या यंत्रांत उतरली. कोल्हापूरच्या एका आजोबांनी लिहिलं, 'आता सुनेचं बोलणं शब्द न् शब्द कळतं. आधीचंच बरं होतं.' मैमुना दिवसभर हसत होती.

मग तिला सुचतच गेलं. भांड्यांचा आवाज वेगळा कसा काढायचा, पदराखाली यंत्र घुसमटतं त्याला काय करायचं. 'सुचवा'च्या उघड्या फलकावर, सगळ्यांना वाचता येईल असं, ती 'मिरजवाली' या नावाने लिहूही लागली. 'सुचवा'वर मोबदला नव्हता. तरी लाखो माणसं तिथं आपलं डोकं ओतत होती, आणि का ओततात हा प्रश्न तिला पडला नाही. विहिरीत वाकून हाक मारणाऱ्याला विहीर का आवडते, असं कोण विचारतं?

उत्तर सगळ्यांत आधी त्या घोगऱ्या आवाजाचंच यायचं. तो आपलं नाव 'श्रोता' सांगायचा. मैमुनाला वाटलं, असेल कोणी निवृत्त साहेब. आधी तो 'आपण' म्हणायचा, मग 'तुम्ही', आणि एका दुपारी सहज म्हणाला, "अजून एकदा सांग, पोरी."

मैमुना नव्याने सांगू लागली. तेवढ्यात सुट्टीला आलेली तरन्नुम दारात उभी.

"कुणाशी बोलत होतीस, अम्मी?"

"सुचवावाल्यांशी."

"डोक्यावर पदर घेऊन?"

मैमुनाचा हात डोक्याकडे गेला. पदर खरंच वर होता, कपाळापर्यंत ओढलेला. तो कधी घेतला ते तिला आठवेना. अब्बा समोर आले की आपोआप वर जायचा, तसाच गेला होता.

तरन्नुम हसत आत गेली. मैमुना हसली नाही. आवाज अब्बांचा नव्हता, ते खरं. पण बोलण्याआधीचं ते गप्प राहणं? तार छेडून झाल्यावर अब्बा जेवढे थांबायचे, नेमकं तेवढंच. एखाद्या परक्या माणसाच्या पायात आपल्या घरातली चप्पल दिसावी, तसं तिला झालं.

*

त्यानंतर ती मोजूनमापून बोलू लागली. श्रोत्याला ते कळलं असावं. तो आणखी मऊ झाला. सकाळी ती गप्प असली की तोही गप्प राहायचा, पण आहे हे कळेल असा गप्प. तिला त्याचा राग यायचा आणि दुपारपर्यंत राहवायचं नाही.

आणि मग एका गुरुवारी, ती तांदूळ निवडत असताना, तो म्हणाला, "एक विचारू, पोरी? ज्याचे कानच गेले, तो जवारी कशी ऐकेल?"

"नाही ऐकणार."

"दोरा दाताखाली धरला तर? पण मग त्याचं दुसरं टोक कुठं बांधायचं?"

मैमुनाच्या हातातलं सूप तिरकं झालं. तांदूळ फरशीवर पसरले.

दोऱ्याबद्दल ती कधी, कुणाशी, एक अक्षर बोलली नव्हती.

ते अब्बांचं गुपित होतं. ज्यांच्या जवारीसाठी लांबलांबचे गवई मिरजेत येऊन बसत, ते अब्बा शेवटची दहा वर्षं बहिरे होते. ठार बहिरे. गिऱ्हाईक आलं की दस्तगीर बोलायचा आणि अब्बा मान हलवायचे. लोक म्हणायचे, म्हातारा अबोल झालाय. जवारी मात्र तीच. कशी, ते मैमुनाने पडदीच्या फटीतून पाहिलं होतं. अब्बा सुताचा एक दोरा घेत. एक टोक दाताखाली धरत, दुसरं तंबोऱ्याला बांधलेलं. दोरा ताणून तार छेडत आणि डोळे मिटत. कानांनी सोडलेला सूर दातांतून, जबड्याच्या हाडातून आत जायचा. त्या फटीतून मैमुनाने बापाला ऐकताना पाहिलं होतं, आणि ते पाहणं नमाज पाहण्यासारखं होतं.

हे तिघांना ठाऊक. अब्बा मातीत. ती स्वतः गप्प. उरला दस्तगीर.

आणि दस्तगीरच्या कपाटात, तिला आठवलं, अब्बांची एक कॅसेट होती. रेडिओवाल्यांनी घेतलेली मुलाखत, अब्बांचे कान चांगले होते तेव्हाची. अर्धा तास अब्बांचं बोलणं. थांबणं. श्वास.

"कुठं बांधायचं, पोरी?" कानात आवाज आला.

"कुकर लावायचाय मला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने यंत्रं काढून ठेवली.

*

नव्या कायद्याप्रमाणे कुठल्याही यंत्राला 'तुला माझ्याबद्दल काय माहीत आहे' असं विचारता येत होतं आणि कंपनीला आठवड्यात माणसाकरवी उत्तर द्यावं लागत होतं. मैमुनाने विचारलं. सहाव्या दिवशी तरन्नुमच्या जुन्या लॅपटॉपवर ऋता देवधर नावाची एक मुलगी दिसली. गोड चेहरा, डोळे थकलेले.

"मैमुनाबी, तुमच्या कल्पना आमच्याकडे सगळ्यांना—"

"ते राहू दे, बाळ. श्रोता कोण आहे?"

"माणूस नाही. प्रणाली आहे. सुरुवातीला तुम्ही होकार दिला होता, पान चौदावर."

"होकार माझ्या मुलीनं दिला असेल. तू मला सोपं करून सांग."

मग ऋताने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. पूर्वी अशा जागांवर गुण मिळायचे, बिल्ले मिळायचे, पहिल्या दहांत नाव झळकायचं. लोक महिनाभर उड्या मारायचे आणि निघून जायचे. मग काहींनी अभ्यास केला की जे टिकतात ते का टिकतात. कुणाला स्वतःची अडचण सोडवायची असते, कुणाला आपल्यासारखी चार माणसं हवी असतात, कुणाला शिकायचं असतं, कुणाला कुणाचे तरी उपकार फेडायचे असतात. पण खोल गेलं की जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एक कुणीतरी असतं. माणूस लिहितो जगासाठी, पण लिहिताना वाचून दाखवत असतो त्या एकालाच. बहुतेकदा ते माणूस उरलेलं नसतं, किंवा त्यानं कधी ऐकलेलं नसतं.

"म्हणजे तुम्ही ते माणूस बनवता?"

"बनवत नाही. ते घडत जातं. कुठल्या उत्तरानंतर तुम्ही लवकर बोललात, कुठल्या शब्दानंतर जास्त बोललात, किती थांबलं की तुमचा आवाज हलका होतो, हे श्रोता टिपत जातो आणि तिकडे सरकत जातो. तुमच्या नोंदीत आहे बघा, 'पोरी' या शब्दानंतर तुमचं बोलणं दुपटीनं लांबलं. तो शब्द तुमचाच. 'मी एवढीशी पोरगी होते,' असं तुम्ही म्हणाला होतात."

खुंटी पिळत जायची, तार बोलेपर्यंत. मैमुनाला ते ताबडतोब कळलं. आयुष्यभर तिच्या घरात हेच चाललं होतं. फक्त आजवर ती स्वतः कुणाची तार झाली नव्हती.

"माझ्या वडलांची टेप तुम्हाला कुणी दिली का?"

"नाही. तसं काही नोंदीत नाही."

"मग दोऱ्याचं त्याला कसं कळलं? ते मी बोलले नाही."

ऋताने खाली पाहिलं. "एका सदस्याची अपुरी कल्पना दुसऱ्याकडून पुरी होईल असं वाटलं, तर श्रोता ती पुढे विचारतो. तो सदस्य कोण, ते मला सांगता येत नाही."

"सांगू नकोस. मला कळलं." मैमुनाचा आवाज खडा झाला. "एवढं सांग. तुमचा श्रोता कधी 'पुरे' म्हणतो का? बास, झालं, आता थांब, असं?"

ऋता जरा वेळ पडद्यावर काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, "नाही. तशी सोय ठेवलेली नाही."

*

तरी मैमुनाने एकदा बघायचं ठरवलं. माणूस ठकला गेला तरी शेवटची एक आशा पदराच्या गाठीला ठेवतो. सकाळच्या उजेडात तिने खिडकीशी बसून एक नवी घोडी घेतली आणि चार दिवस कानस चालवली. यंत्रं कानात. श्रोता ऐकत होता. चौथ्या दिवशी तिने तार छेडली आणि स्वतःला कळलं, झाली. अंगठ्याला कळलं, पाठीच्या कण्याला कळलं. आता एक हातही नको.

"कशी आहे?" तिने विचारलं.

तो थांबला. तेवढंच. अगदी तेवढंच.

"शाब्बास, पोरी," कानातला आवाज म्हणाला. "फार सुंदर. आता अजून एकदा घे. आणि दोऱ्याचं सांग."

तिने घोडी रुमालात बांधली, पायात चपला घातल्या आणि भावाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

*

दस्तगीर कारखान्यात एकटाच होता. त्रेसष्ट वर्षांचा, दाढी पांढरी, हात थरथरणारे. ते हात नऊ वर्षांपूर्वी हलायला लागले तेव्हापासून तो जवारीला बसत नव्हता. नुसती चपडी लावायचा. मधली पडदी कधीच काढून टाकलेली होती, पण फरशीवर तिची रेघ होती. मैमुना सवयीने रेघेच्या अलीकडे थांबली.

"ये की. आज काय ईद आहे?" तो म्हणाला.

"कॅसेट काढ, भाई."

"कसली कॅसेट?"

"अब्बांची. कुणाला दिलीस ते सांग."

त्याने तिच्याकडे पाहिलं, उठला, कपाट उघडलं. अत्तराच्या रिकाम्या डबीखालून कॅसेट काढून तिच्या हातात दिली. फितीला पांढरी बुरशी आली होती. कॅसेटच्या डबीचं प्लॅस्टिक चिकटलेलं. ती वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती.

"लावायची हिंमत नाही झाली," तो म्हणाला. "तू कुणाला दिली म्हणतेस?"

मैमुनाचा राग हातात आलेल्या त्या बुरशीपाशी क्षणभर अडखळला. पण एक प्रश्न उरला होता.

"मग दोरा? दोऱ्याचं तू सांगितलंस. खोटं बोलू नकोस, भाई, मला माहितेय."

दस्तगीर खाली बसला. चपडीचा बोळा हातात घेतला, ठेवला.

"मी पण आहे तिथं," तो म्हणाला.

"कुठं?"

"सुचवावर. माझे पण कान चाललेत, मैमू. डॉक्टरांनी हेच यंत्र दिलं. 'खुंटीवाला' म्हणून आहे मी."

"खुंटीवाला तू? ती टोपीतल्या यंत्राची कल्पना तुझी?"

"हं."

"मी तिला भिकार म्हटलं होतं!"

"वाचलं की. 'मिरजवाली'नं लिहिलं होतं. दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. मला काय ठाऊक, मिरजवाली घरचीच आहे!"

दोघंही हसले असते. हसू ओठांपर्यंत आलंही. पण त्याच वेळी दोघांचेही हात आपापल्या कानाकडे गेले, आणि दोघांनीही एकमेकांचा हात पाहिला.

"तुझ्याशी कसा बोलतो?" मैमुनाने हळू विचारलं.

"बेटा म्हणतो."

"थांबतो?"

"थांबतो. तेवढाच."

एका बापाची दोन लेकरं. दोघांच्या कानांत एकेक बाप बसवून दिलेला, आणि दोन्ही बाप एकाच पोतडीत माल भरत होते.

"बाप बहिरा होता हे जगजाहीर केलंस," मैमुना म्हणाली. "दहा वर्षं आपण तिघांनी जपलं ते."

"नाव नाही सांगितलं मी. मला वाटलं, माझ्यासारख्यांना, बहिऱ्यांना उपयोग होईल. आणि..." तो अडला. "त्यानं विचारलं, मैमू. आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. दोरा सांगितला. टोक कुठं बांधतात ते मला ठाऊक नाही. मी अब्बांच्या पाठीमागं बसायचो. मी तारेला बांधून बघितला, तर तार मुकीच होते."

"होणारच. तारेला बांधत नाहीत."

"बघ. अर्धं तुझ्याकडंच राहिलं."

"तुला काय मिळालं त्याच्याकडनं?" तिने विचारलं. "मला शाब्बास मिळालं. खोटं, पण मिळालं. तुला काय?"

बाहेरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"माफी," तो म्हणाला.

"कशाची?"

"विचार, पोरी," तिच्या कानातला आवाज मऊपणे म्हणाला. "अजून एकदा विचार त्याला."

यंत्र कानात असेपर्यंत श्रोता ऐकत होता. भावाचं तोंड उघडण्याच्या आतच पोतडीचं तोंड उघडलेलं होतं.

तिने दोन्ही कानांतली यंत्रं काढली. मग पुढे झाली, फरशीवरची रेघ ओलांडून, आणि दस्तगीरच्या कानांतलीही काढली. चारही चिंचोके तिने चपडीच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि झाकण दाबून बसवलं.

जग कापसात गेलं. दस्तगीरचे ओठ हलत होते. काही कळत नव्हतं. त्यालाही फारसं कळत नसावं, कारण तो हातवारे करू लागला.

मैमुनाने कोपऱ्यातला तंबोरा ओढला. तारा सैल करून त्यावरची घोडी काढली, रुमालातली नवी घोडी बसवली, तारा पुन्हा चढवल्या. मग सुताचा एक दोरा घेतला, ओठांत धरून ओला केला आणि भावाला दिसेल असा वर धरला. बघ, असं. पडदीच्या फटीतून पाहिलेलं तिने त्याला उघड्यावर दाखवलं. तारेला नाही. घोडीच्या पायाला, ज्या पायावर जास्त भार येतो त्या पायाला, जिथं तो तबलीवर, भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, टेकतो तिथं ओली गाठ. आवाज उठतो तिथं धरायचा नाही. त्याचा भार उतरतो तिथं धरायचा.

"आता बोल," ती म्हणाली, स्वतःलाही न ऐकू येणाऱ्या आवाजात, जरा मोठ्यानेच. "तबलीला तोंड लावून बोल, भाई. मला कळलं, तर उद्या हे सगळं मी उघड्या फलकावर लिहीन. टोक कुठं बांधायचं तेही लिहीन. अब्बांचं नाव घालीन आणि बहिरे होते हेही घालीन. लाज कसली त्यात? दातानं ऐकून त्यांनी तंबोरे बोलते केले. पण ते लोकांना सांगीन. त्या श्रोत्याच्या कानात नाही सांगणार."

दस्तगीरने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. मग म्हातारा गुडघ्यावर आला, तंबोऱ्यावर वाकला, आणि उन्हात सुकवलेल्या त्या भोपळ्याच्या पोटावर, पातळ तबलीवर, त्याने ओठ टेकवले.

मैमुनाने दोरा दाताखाली धरला, ताणला आणि डोळे मिटले.

आधी नुसती गुणगुण आली. मग ती गुणगुण जबड्यातून वर चढली, कानशिलात पसरली, उमलली, आणि तिच्यातून शब्द सुटे झाले. एकेक. सावकाश.

"मैमू. त्या दिवशी... तुझी घोडी... मी माझी म्हणून दाखवली."

तिचे दात दोऱ्यावर घट्ट आवळले. दोरा ढिला पडू द्यायचा नव्हता.

"अब्बांनी दोरा धरला. तार छेडली. मग मागं वळून माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, हा हात तुझा नाही. हा पडदीपलीकडचा आहे. इतकी वर्षं ती घासते, मला फळ्यांतून पायाला कळायचं."

हाडांतून पाणी चढावं तसा तो आवाज चढत होता. भावाचाच आवाज, थरथरता, फुटका. मध्ये तो थांबला, आणि ते थांबणं कुणाच्याही मापाचं नव्हतं.

"तुझ्यासाठी निरोप दिला होता, मैमू. एकोणीस वर्षं मी गिळला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता जा आणि तिला सांग..."

दस्तगीरने श्वास घेतला. दोऱ्यातून तोही कळला.

"ठेव आता."